कापलेला भत्ता परत मागताना

नोकरी नसलेल्या माणसाला जगण्यापुरते पैसे देणारी सरकारे पैशांबरोबर अटीही घालतात. बोलावले त्या दिवशी कार्यालयात या, सांगू त्या नोकरीला अर्ज करा, लावून देऊ त्या प्रशिक्षणाला जा. अट मोडली की पुढच्या महिन्याच्या पैशांत कपात. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत ही पद्धत आहे आणि तिच्यावरून वादही कायम आहे. एक बाजू म्हणते, कर भरणाऱ्यांच्या पैशांवर जगायचे तर कामाची तयारी दाखवलीच पाहिजे. दुसरी बाजू विचारते, ज्याच्या हातात पोटापुरतेच आहे त्याच्याच हातातून काढून घेतले, तर तो जगणार कशावर?

या प्रश्नाचे अतिशय विचारपूर्वक उत्तर जर्मनीच्या संविधान न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी दिले. हे न्यायालय कार्ल्सरूह या शहरात आहे. कार्ल्सरूह ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते, त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पुण्या-मुंबईचे अभियंते तिथे आधीपासून आहेत. आता परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठीही मराठी मुले-मुली जर्मन भाषा शिकत आहेत. तिथे नोकरी कशी मिळवायची, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नोकरी गेली आणि भत्ताही अडला तर काय करायचे, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा निकाल आणि त्यामागची दाद मागण्याची व्यवस्था, दोन्ही नीट समजून घ्यायला हवे.

दोन भत्ते

जर्मनीत बेरोजगाराला मिळणारे पैसे दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून येतात. पहिला भत्ता विम्याचा. नोकरी चालू असताना एकूण पगाराच्या २.६ टक्के रक्कम बेकारी विम्यात जमा होते. निम्मी कामगाराकडून, निम्मी मालकाकडून. मागच्या तीस महिन्यांत किमान बारा महिने वर्गणी भरलेली असेल, तर नोकरी गेल्यावर निव्वळ पगाराच्या ६० टक्के आणि मूल असल्यास ६७ टक्के भत्ता ठरावीक महिने मिळतो.

दुसऱ्या भत्त्याचा विम्याशी संबंध नाही. ज्याचा विमा संपला किंवा कधी नव्हताच, आणि ज्याच्याकडे जगायला दुसरे साधन नाही, त्याला सरकार किमान निर्वाहाची रक्कम देते. त्याशिवाय घरभाडे आणि थंडीत घर तापवण्याचा खर्च वेगळा मिळतो. हा दुसरा भत्ता अनेक वर्षे ‘हार्ट्झ-४’ या नावाने ओळखला जात होता. २००२ मध्ये फोक्सवागेन कंपनीचे मनुष्यबळ संचालक पेटर हार्ट्झ यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक समिती नेमली होती. तिच्या शिफारशींवरून चान्सेलर गेरहार्ड श्र्योडर यांच्या सरकारने चार कायदे केले. त्यांतला चौथा कायदा १ जानेवारी २००५ ला लागू झाला. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत एकट्या माणसाला निर्वाहासाठी महिन्याला ३४५ युरो मिळत.

या कायद्यातल्या कपातीची उतरंड कठोर होती. योग्य ठरवलेली नोकरी नाकारली किंवा ठरलेले प्रशिक्षण टाळले, तर पहिल्या वेळी निर्वाहाच्या रकमेतले ३० टक्के कापले जात. वर्षभरात पुन्हा तसे घडले तर ६० टक्के. तिसऱ्यांदा घडले तर सगळेच बंद, घरभाड्यासकट. पंचवीस वर्षांखालच्यांना तर पहिल्याच चुकीला निर्वाहाची पूर्ण रक्कम गमवावी लागे. आणि एकदा कपात सुरू झाली की ती तीन महिने चालणारच. मधल्या काळात माणूस वठणीवर आला, नोकरीला तयार झाला, तरी कायदा त्याला सवलत द्यायला बांधील नव्हता.

एर्फुर्टमधला खटला

ज्या माणसामुळे हे सारे बदलले, त्याचे नाव न्यायालयाने जाहीर केलेले नाही. पूर्व जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरातला हा माणूस गोदाम आणि मालवाहतुकीच्या कामात प्रशिक्षित होता. तिथल्या जॉबसेंटरने, म्हणजे भत्ता देणाऱ्या आणि नोकरी सुचवणाऱ्या कार्यालयाने, त्याला २०१४ मध्ये गोदामातलीच नोकरी सुचवली. त्याने मालकाला सांगितले की मला हे काम नको, मला विक्री विभागात काम करायचे आहे. कार्यालयाने त्याचा भत्ता ३० टक्क्यांनी कापला. पुढे विक्रीचे काम प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी त्याला एक व्हाउचर देण्यात आले. तेही त्याने वापरले नाही. मग ६० टक्के कपात झाली.

आकडे मांडून पाहिले म्हणजे या टक्क्यांचा अर्थ कळतो. त्या वर्षी एकट्या माणसाची निर्वाहाची रक्कम महिन्याला ३९१ युरो होती. पहिल्या कपातीत ११७ युरो ३० सेंट गेले. दुसऱ्या कपातीत २३४ युरो ६० सेंट गेले आणि हातात उरले १५६ युरो ४० सेंट. त्यात महिनाभराचे जेवण, वीज, फोन, बसचे तिकीट, साबण, कपडे सगळे बसवायचे. असे सलग तीन महिने.

त्याने आधी जॉबसेंटरकडे हरकत घेतली. ती फेटाळली गेली. मग तो गोथा शहरातल्या सामाजिक न्यायालयात गेला. जर्मनीत निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, बेकारी भत्ता अशा प्रश्नांसाठी स्वतंत्र सामाजिक न्यायालये आहेत. गोथाच्या न्यायाधीशांना वाटले की कार्यालयाने कायद्याप्रमाणेच कारवाई केली असली, तरी मुळात हा कायदाच संविधानाशी विसंगत आहे. जर्मन व्यवस्थेत खालच्या न्यायालयाला संसदेचा कायदा रद्द करता येत नाही. मात्र तो घटनाबाह्य असल्याची खात्री झाली, तर खटला थांबवून तो प्रश्न संविधान न्यायालयाकडे पाठवता येतो; किंबहुना पाठवावाच लागतो. गोथाने २०१५ मध्ये तो पाठवला.

२०१६ मध्ये संविधान न्यायालयाने तो परत पाठवला. कारण महत्त्वाचे आहे. नोकरी नाकारलीस तर नेमकी किती कपात होईल, हे त्या माणसाला आधी नीट समजावले होते का, हे गोथाच्या न्यायालयाने पुरेसे तपासले नव्हते. ती पूर्वसूचना नसेल, तर कपात साध्या कायद्यानेच बेकायदा ठरते. मग संविधानापर्यंत जायची गरजच उरत नाही. गोथाने ती त्रुटी दूर करून ऑगस्ट २०१६ मध्ये प्रश्न पुन्हा पाठवला. जानेवारी २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल आला.

न्यायालय काय म्हणाले

निकालाचा पाया जर्मन संविधानातली दोन कलमे आहेत. पहिले कलम सांगते की माणसाची प्रतिष्ठा अबाधित आहे आणि तिचा आदर व रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. नाझी राजवटीनंतर लिहिलेल्या संविधानाने हे वाक्य मुद्दाम सर्वांत आधी ठेवले. विसावे कलम सांगते की जर्मनी हे सामाजिक राज्य आहे. या दोन्हींच्या आधारे याच न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१० रोजी सांगितले होते की माणसाला साजेशा किमान निर्वाहाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे.

२०१९ च्या निकालाने पुढचा प्रश्न हाताळला. असा हक्क वागणुकीवर अवलंबून ठेवता येईल का? न्यायालयाचे उत्तर दोन्ही बाजूंना पूर्ण खूश करणारे नव्हते, आणि मला वाटते तेच त्याचे बळ आहे. माणसाची प्रतिष्ठा कमवावी लागत नाही आणि गैरवागणुकीने ती जातही नाही, असे न्यायालयाने ठामपणे सांगितले. म्हणजे निर्वाहाचा हक्क चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून मिळत नाही. पण स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी प्रयत्न करा, अशी अपेक्षा सरकार ठेवू शकते आणि ती पूर्ण करून घेण्यासाठी कपातही करू शकते, हेही न्यायालयाने मान्य केले. फक्त ही कपात शिक्षा म्हणून करता येणार नाही. माणसाला कामाकडे नेण्यासाठी तिचा उपयोग होत असेल, तरच ती टिकेल.

मग न्यायालयाने सरकारला सरळ विचारले की उपयोग होतो याचा पुरावा काय? कायदा लागू होऊन चौदा वर्षे उलटली होती, तरी ६० टक्के किंवा पूर्ण कपातीने लोक नोकरीला लागतात, हे दाखवणारी भक्कम माहिती सरकारकडे नव्हती. उलट, एवढी मोठी कपात झाली की माणूस कर्जात बुडतो, घर गमावतो, कार्यालयाशी संबंधच तोडतो, हा धोका समोर होता. न्यायालयाने सांगितले की नवा कायदा करताना सरकारने अंदाजावर विसंबणे समजू शकते. पण कायदा जितका जुना होतो, तितका नुसत्या अंदाजाला आधार उरत नाही.

त्यामुळे ६० टक्के कपात आणि पूर्ण कपात घटनाबाह्य ठरली. ३० टक्क्यांची कपात टिकली, पण तीही अटीवर. एखाद्यावर फार कठीण प्रसंग ओढवत असेल तर ती टाळायची मुभा अधिकाऱ्याला हवी, आणि माणूस सहकार्याला तयार झाला की तीन महिने पुरे होण्याची वाट न पाहता ती थांबली पाहिजे. न्यायालयाने एक अपवादही उघडा ठेवला. ज्याच्यासमोर पोट भरेल अशी खरी, हातात आलेली नोकरी आहे आणि जो ती सबळ कारणाशिवाय नाकारतो, त्याच्याबाबतीत पूर्ण भत्ता थांबवण्याचा विचार होऊ शकतो. कारण त्याचा निर्वाह त्याच्याच हातात असतो.

या खटल्यातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. हा माणूस कुणाच्या डोळ्यांत पाणी आणणारा नव्हता. आजारी आईमुळे तारीख चुकली किंवा पत्र मिळालेच नाही, असे त्याचे म्हणणे नव्हते. त्याला शिकलेले काम नको होते आणि आवडीच्या कामाची संधीही त्याने घेतली नाही. वर्तमानपत्रात त्याची गोष्ट वाचून अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. तरीही न्यायालयाने त्याचा हक्क तोलून पाहिला. हक्काची खरी कसोटी अशाच माणसावर लागते. सर्वांना प्रिय असलेल्या माणसाला हक्काचे रक्षण फारसे लागत नाही. लोकांची सहानुभूतीच त्याला सांभाळते.

निकालाचा आणखी एक भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही. ज्यांच्या मोठ्या कपातीचे आदेश अजून अंतिम झालेले नव्हते, म्हणजे ज्यांची हरकत किंवा दावा चालू होता, त्यांची ३० टक्क्यांवरची कपात रद्द करायची, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांनी मुदतीत दाद मागितली नव्हती, त्यांचे जुने आदेश तसेच राहिले. एकच कायदा, एकच अन्याय. पण ज्याने एक पत्र वेळेत टाकले त्याला पैसे परत मिळाले, ज्याने टाकले नाही त्याला नाही.

दाद मागायची ती कशी

त्या पत्राची पद्धत सोपी आहे आणि ती ठाऊक असणे फार मोलाचे आहे. कपात करण्याआधी कार्यालयाने माणसाचे म्हणणे मागवले पाहिजे. आपल्याकडच्या ‘कारणे दाखवा’ नोटिशीसारखीच ही पायरी आहे. आजारपण, मुलाची देखभाल, प्रवासाची अडचण, नोकरीच्या अटींतला गोंधळ, जे काही कारण असेल ते इथेच लेखी द्यावे आणि डॉक्टरच्या दाखल्यासारखा कागद जोडावा. अनेक कपाती याच पायरीवर टळू शकतात. घाबरून किंवा कंटाळून नोटीस बाजूला ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक.

तरीही कपातीचा आदेश आला, तर त्याच्या शेवटच्या पानावर पाहायचे. कुणाकडे आणि किती दिवसांत हरकत घेता येते, हे तिथे लिहिलेले असते. ती मुदत आदेश मिळाल्यापासून एक महिन्याची आहे. साध्या टपालाने आलेले पत्र २०२५ पासून टपालात टाकल्याच्या चौथ्या दिवशी मिळाले असे धरले जाते. त्याआधी तिसरा दिवस धरत. म्हणून पाकीट फेकू नये आणि पत्र आले ती तारीख त्यावर लिहून ठेवावी. हरकतीच्या हक्काची माहिती आदेशात नसेल किंवा चुकीची असेल, तर मुदत एक वर्षाची होते.

हरकतीचे पत्र दोन ओळींचे असले तरी चालते: ‘आपल्या अमुक तारखेच्या आदेशाला मी हरकत घेत आहे. कारणे स्वतंत्रपणे कळवीन.’ खाली सही, वर नाव, पत्ता, आपला क्रमांक. महिना संपत आला असेल तर एवढेच आधी पोहोचवावे आणि सविस्तर कारणे सवडीने द्यावीत. साधा ईमेल या कामाला चालत नाही. पत्र रजिस्टर टपालाने पाठवावे, नाहीतर कार्यालयात नेऊन देऊन प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. भाषेची अडचण असेल तर कार्यालयात जाऊन तोंडी सांगता येते. तिथल्या कर्मचाऱ्याने ते लिहून घ्यायचे असते. सोबत ओळखीचे माणूस नेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. एकट्याने टेबलापलीकडच्या साहेबाशी बोलताना जीभ अडखळते. शेजारी कुणी बसले की बोलणे सरळ होते आणि काय बोलले गेले याला साक्षीदारही मिळतो.

कारणे लिहिताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. परिणामांची पूर्वसूचना स्पष्ट शब्दांत आणि आपल्याच प्रकरणाला धरून मिळाली होती का? कार्यालयाचे पत्र खरोखर मिळाले होते का? ते पोहोचल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची असते. सुचवलेली नोकरी प्रकृतीला, कुटुंबाच्या जबाबदारीला झेपणारी होती का? आणि जे केले त्यामागे सबळ कारण होते का? आपल्या फाइलीत काय लिहिले आहे हे पाहायचा हक्कही प्रत्येकाला असतो. तो जरूर वापरावा.

निर्वाहाच्या भत्त्यात एक अडचण मोठी आहे. हरकत घेतली तरी कपात थांबत नाही. निर्णय होईपर्यंत पैसे कमीच येतात. भाडे थकले, खायला पैसे नाहीत अशी वेळ आली, तर सामाजिक न्यायालयाकडे तातडीचा अर्ज करून कपातीला स्थगिती मागता येते. हरकत फेटाळली गेली, तर पुन्हा एका महिन्याच्या आत त्याच न्यायालयात दावा लावता येतो. या दाव्याला भत्ता घेणाऱ्याकडून कोर्ट फी घेतली जात नाही आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर वकील लागतोच असे नाही. न्यायालय स्वतः वस्तुस्थितीचा शोध घेते. समोर एक व्यावसायिक न्यायाधीश आणि दोन सर्वसामान्य नागरिकांतले न्यायाधीश बसतात. वकिलाचा सल्ला हवा असेल, तर स्थानिक न्यायालयातून सल्ल्याचे प्रमाणपत्र मिळते. ते दाखवल्यावर वकील जास्तीत जास्त १५ युरो घेऊ शकतो. हरकतीवर तीन महिने उत्तरच आले नाही, तर त्या दिरंगाईविरुद्धही दावा लावता येतो.

मराठी कामगाराने काय लक्षात ठेवावे

नोकरीसाठी गेलेल्यांचा संबंध आधी येतो तो पहिल्या, विम्याच्या भत्त्याशी. तिथली कपात वेगळ्या प्रकारची आहे. स्वतःहून राजीनामा दिला, किंवा मालकाने पुढे केलेल्या ‘परस्पर संमतीने नोकरी संपवू’ अशा करारावर सही केली, तर बारा आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो. आणि हे पैसे नुसते उशिरा मिळतात असे नाही. एकूण हक्काच्या दिवसांतून किमान पाव हिस्सा कायमचा जातो. पुण्यात कंपनी सोडताना एचआरने ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळे व्हायची सवय तिथे महागात पडते. सहीसाठी घाई करणाऱ्या मालकाला ‘वाचून, विचारून सांगतो’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

सबळ कारण असेल तर मात्र हा बारा आठवड्यांचा दंड लागू होत नाही. पगार थकवला जात होता, कामाच्या जागी छळ होत होता, डॉक्टरने ते काम सोडायला सांगितले होते, किंवा जोडीदार राहतो त्या शहरात जाणे भाग होते, अशी कारणे मान्य होऊ शकतात. त्यासाठी कागद लागतात: थकलेल्या पगाराची मागणी करणारे पत्र, तक्रारीच्या तारखा, डॉक्टरचे प्रमाणपत्र. नोकरी सोडण्यापूर्वीच ते जमवले पाहिजेत.

तारखा इथेही फार मोजून असतात. नोकरी संपणार हे कळले की संपण्याच्या तीन महिने आधी, आणि तेवढा वेळ नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत, रोजगार कार्यालयात ‘नोकरी शोधत आहे’ अशी नोंद करावी लागते. उशीर झाला तर एक आठवड्याचा भत्ता जातो. मालकाने काढून टाकले आणि ते अन्यायाचे वाटले, तर कामगार न्यायालयात जायची मुदत फक्त तीन आठवडे. कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याने नोकरी मुदतीआधी संपल्याचे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयालाही कळवायचे असते. अनेकांना भीती असते की भत्ता मागितला तर व्हिसा जाईल. विम्याचा भत्ता वर्गणी भरून मिळवलेला असतो, आणि निवास कायद्यात त्याला सरकारी मदतीवर जगणे मानले जात नाही. निर्वाहाच्या भत्त्याचे तसे नाही; तो मागण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावाच.

आपल्याकडचा धागा

ही चर्चा आपल्याला परकी नाही. कामाच्या हक्काचा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे उभी राहिली आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने सांगितले की काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर बेरोजगार भत्ता द्यायचा: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर किमान अर्धा. त्याच कायद्यात कपातीचे कलमही होते. दिलेले काम नाकारले किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जाई. काम मागायचा हक्क मात्र जात नसे.

कागदावरचा हा भत्ता मजुराच्या हाती फार कमी वेळा पडला. भत्ता मागायचा तर काम कोणत्या तारखेला मागितले हे दाखवावे लागते, आणि कामाच्या अर्जाची तारखेसह पोच दिली जात नाही, ही मजूर संघटनांची जुनी तक्रार आहे. पोच नाही म्हणून तारीख नाही, तारीख नाही म्हणून पंधरा दिवस मोजता येत नाहीत. गोथाच्या खटल्यात पूर्वसूचनेच्या कागदाला जे महत्त्व होते, तेच आपल्या ग्रामपंचायतीत त्या पोचपावतीला आहे.

आणखी एक धागा मुंबईतून निघतो. पदपथावर राहणाऱ्यांना हटवण्याच्या महापालिकेच्या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे. कारण उपजीविका हिरावून घेणे हा माणसाला जगण्यापासून वंचित करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्या माणसांना पदपथावर राहायची मुभा मिळाली नाही. पण पोटावर पाय देण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्के झाले. कार्ल्सरूहच्या निकालाच्या चौतीस वर्षे आधी मुंबईच्या पदपथावरून निघालेला विचार त्याच वाटेवरचा होता.

वाद संपलेला नाही

निकालानंतर जर्मनीत हार्ट्झ-४ ची जागा १ जानेवारी २०२३ पासून ‘ब्युर्गरगेल्ट’, म्हणजे नागरिक भत्ता, या नव्या व्यवस्थेने घेतली. एकट्या माणसाला सुरुवातीला ५०२ आणि २०२४ पासून ५६३ युरो मिळू लागले. कपातीची उतरंड १०, २० आणि ३० टक्के अशी सौम्य झाली. पण वर्षभरातच वारे फिरले. मार्च २०२४ मध्ये खरी नोकरी वारंवार नाकारणाऱ्याचा भत्ता दोन महिन्यांपर्यंत पूर्ण थांबवण्याची तरतूद आली. २०१९ च्या निकालात उघडा ठेवलेला अपवाद सरकारने वापरला. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने नियम आणखी कडक करायचे ठरवले. महागाई वाढली, सरकारी तिजोरीवर ताण आला की भत्ता घेणाऱ्यांकडे बोट दाखवणे राजकारणाला सोपे जाते. हे सगळीकडेच घडते.

कामाची तयारी मागण्यात काही गैर नाही. कष्टाने कर भरणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याच्या रागाची टिंगल करणे चुकीचे. पण कपातीचा आदेश लिहिणाराही माणूसच असतो. त्याच्या टेबलावर शेकडो फायली असतात, त्याच्याकडून पत्र चुकीच्या पत्त्यावर जाते, डॉक्टरचा दाखला दुसऱ्याच फाइलीत लागतो. अशी चूक त्याच्यासाठी एक फाइल असते, समोरच्यासाठी महिन्याचे जेवण. म्हणून जिथे कपातीचा अधिकार आहे, तिथे ती तपासून घेण्याचा मार्ग तितकाच सोपा, स्वस्त आणि जलद असला पाहिजे. ज्या देशात पहिला आहे आणि दुसरा नाही, तिथे भत्ता हा हक्क राहत नाही, मेहेरबानी होते.

आणि मार्ग असला तरी त्यावरून कुणीतरी चालावे लागते. संविधान न्यायालय स्वतःहून कायदे तपासत बसत नाही. प्रश्न त्याच्यापुढे न्यावा लागतो. एर्फुर्टच्या माणसाने हरकतीचे पत्र दिले नसते, तर गोथाच्या न्यायाधीशांपुढे फाइल आली नसती आणि ६० टक्क्यांची कपात आणखी किती वर्षे चालली असती कोण जाणे. ज्याचा भत्ता कापला गेला आहे त्याने लाज बाळगू नये, गप्प बसू नये. आदेश वाचावा, तारीख लिहून ठेवावी, आणि महिना संपायच्या आत हरकत द्यावी.